त्या पाच भाकरी कोणाच्या होत्या?



पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आला आहे. पण त्या भाकरी मुळात कोणाच्या होत्या हे एकट्या संत योहानाने लिहून ठेवले आहे (योहान ६:९). त्या एका मुलाच्या होत्या. समोर हजारो भुकेली माणसे बसली होती. फिलिपाने पैशाचा हिशेब केला आणि दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत म्हणून हात टेकले. अंद्रियाने त्या मुलाला पुढे आणले खरे, पण एवढ्यांना हे कसे पुरेल ही शंकाही लगेच बोलून दाखवली. मोठ्यांचे सगळे उपाय संपले तेव्हा एका मुलाचे गाठोडे सोडले गेले. भाकरीसुद्धा जवाची, म्हणजे ज्याला गहू परवडत नाही अशा घरची.

त्या मुलाचे नाव आपल्याला माहीत नाही. पण त्याच्यासारखी मुले आपल्याला चांगली माहीत आहेत. ती आपल्याच बाकांवर बसतात. आजचे चिंतन त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्या भाकरीवर ज्यांचे पोट भरते त्या आपल्या सर्वांविषयी आहे.

सुट्टीतले काम

१ मे हा कामगार संत योसेफाचा सण. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली तो सुरू केला. याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. दहावीची परीक्षा झालेली असते, निकाल यायचा असतो. मग घरात विषय निघतो, "दोन महिने नुसता बसून काय करणार? कुठेतरी लागू दे कामाला." यात चूक काही नाही. हाताला काम असलेले बरेच. कोणी तळेगावच्या बाजूला गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये जातो, कोणी चाकण रस्त्यावरच्या हॉटेलात टेबल पुसतो, कोणी मामाबरोबर सेंटरिंगच्या कामावर जातो. पावसाळा लागला की लोणावळ्याला पर्यटक येतात, कणसे भाजायला पोरे लागतात. गावात भाताची आवणी सुरू होते, तिथेही हात हवेच असतात.

पहिला पगार घरी येतो. आईच्या हातात नोटा पडतात, तिचे डोळे भरून येतात. किराण्याची उधारी भागते. धाकटीची वह्या-पुस्तके येतात. मग जून उजाडतो. निकाल लागलेला असतो, मुलगा पासही झालेला असतो. पण आता तो पगार घराच्या हिशेबात धरला गेलेला असतो. "यंदाचे वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी बघू," असे कोणीतरी म्हणते. ते पुढचे वर्ष पुष्कळ घरांत येतच नाही. कोणी त्या मुलाला शाळेतून काढलेले नसते. त्याने शाळा सोडावी असे कोणी स्पष्ट म्हटलेलेही नसते. ते आपोआप घडते, आणि जे आपोआप घडते त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

मुलींचे तर आणखी अवघड. तिला पगार मिळत नाही म्हणून ती काम करते असे आपण मानतच नाही. आई-वडील दोघेही कामावर गेले की पाणी भरणे, स्वयंपाक, धाकट्यांना आंघोळ घालून शाळेत सोडणे, आजीचे औषधपाणी, सगळे दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येते. मुलगा कमावतो तेव्हा निदान त्याचे कौतुक होते. मुलगी राबते तेव्हा आपण म्हणतो, घरीच तर असते.

नाझरेथचे घर

आपल्या प्रभूनेही लहानपणापासून काम केले. मार्कच्या शुभवर्तमानात गावातली माणसे त्याला सुतार म्हणूनच ओळखतात (मार्क ६:३). तिथे मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन' असा आहे. लाकडाचे, बांधकामाचे हातकाम करणारा कारागीर असा त्याचा अर्थ. ज्या हातांनी पुढे आजारी बरे झाले त्या हातांना आधी घट्टे पडले होते. प्रभूच्या जाहीर सेवाकार्याच्या काळात योसेफ प्रत्यक्ष कुठे दिसत नाही. त्यावरून ख्रिस्तसभेच्या परंपरेत असे मानले जाते की, तो तोवर देवाघरी गेला होता. म्हणजे घर चालवण्याचा भार काही वर्षे तरी येशूच्या खांद्यावर आला असणार. तेव्हा घरासाठी राबणाऱ्या मुलाने कधीही खाली मान घालू नये. त्याच्या आधी त्या वाटेने देवाचा पुत्र चालून गेला आहे.

पण नाझरेथच्या घराची दुसरी बाजूही पाहा. ते घर गरीब होते. बाळाला मंदिरात नेले तेव्हा कोकरू परवडले नाही, म्हणून गरिबांसाठी नियमशास्त्राने सांगितलेले पक्ष्यांचे अर्पण त्यांनी केले (लूक २:२४). तरीही याच घरातला मुलगा बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसतो, ऐकतो, प्रश्न विचारतो (लूक २:४६). आणि मोठेपणी सभास्थानात उभा राहून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडतो, हवी ती जागा शोधतो आणि वाचून दाखवतो (लूक ४:१६-१७). म्हणजे त्याला वाचता येत होते! सुताराच्या त्या गरीब घरात रंधा आला म्हणून ग्रंथ बाहेर गेला नाही. योसेफाने मुलाला आपला धंदा शिकवला, पण मुलाचे शिकणे धंद्यापायी बुडवले नाही. लूक पुढे सांगतो की, येशू आईवडिलांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला (लूक २:५१-५२). आज्ञेत राहणे आणि वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात झाल्या. आपल्या घरात मूल आज्ञेत असते, कामही करते. पण ते वाढते आहे का?

इंद्रायणीकाठचा एक मुलगा

आपल्या इंदुरीजवळ भंडारा डोंगर आहे. आपले वारकरी शेजारी तिथे मोठ्या भक्तीने जातात, कारण देहूचे संत तुकाराम त्या डोंगरावर चिंतनाला बसत. आपणही तुकोबांना संत म्हणून मान देतो. पण अभंग रचण्याच्या आधीचे तुकोबा आठवून पाहा. त्यांचे चरित्रकार सांगतात की, थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, म्हणून वडील बोल्होबांनी दुकानाचा आणि देण्याघेण्याचा कारभार तुकोबांवर सोपवला. तेव्हा त्यांचे वय होते १३ वर्षांचे. पुढे चार वर्षांत आई-वडील गेले. १६२९-३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पोरवयात खांद्यावर घेतलेला प्रपंच असा डोळ्यांदेखत कोसळला.

मग त्यांनी एक गोष्ट केली. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या कागदांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. ज्याने कोवळ्या वयात घराचे हिशेब सांभाळले, त्याने गरिबांवरचे आपले हिशेब पाण्यात बुडवले. धाकट्याचा वाटा मात्र त्यांनी बुडवला नाही. स्वतःचे सोडायचा अधिकार आपल्याला आहे, दुसऱ्याचे सोडायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ही नदी आपल्या गावावरूनही वाहते. तिच्याकडे पाहताना आपण स्वतःला विचारू या: माझ्या घरात कोणाच्या वाट्याचे मी परस्पर पाण्यात सोडले आहे का? मुलाची शाळा, मुलीची दहावी, ही माझ्या वाट्याची होती की तिच्या?

थोरली बहीण

दुसरे उदाहरण आपल्या पुण्यातले, तुम्हा सर्वांच्या ओळखीचे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. एके काळी स्वतःची नाटक मंडळी चालवणारा हा गायक-नट. पण शेवटच्या दिवसांत घरात पैसा उरला नव्हता. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता साडेबारा वर्षांची. तिच्या पाठीवर मीना, आशा, उषा आणि सर्वांत धाकटा हृदयनाथ, तो पाच वर्षांचाही नव्हता.

कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक मदतीला आले. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लताला छोटे काम मिळाले. मग काही वर्षे ती चित्रपटांत लहानसहान भूमिका करत राहिली. तोंडाला रंग लावून दिव्यांसमोर उभे राहणे तिला आवडत नव्हते, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगितले. पण घरी पाच तोंडे वाट पाहत होती. १९४५ साली ती मुंबईला आली. १९४७ साली मास्टर विनायकही गेले आणि तोही आधार तुटला. १९४९ च्या 'महल' चित्रपटानंतर साऱ्या देशाने तो आवाज ओळखला. २०२२ साली ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा सारे जग त्यांना लतादीदी म्हणत होते. दीदी म्हणजे थोरली बहीण. ते नाव त्या घरातच मिळाले होते, आणि त्यासाठी काय मोजावे लागले हे त्या घराला ठाऊक होते.

हे उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, "बघा फादर, लहानपणी काम केले म्हणूनच मोठी झाली." थांबा. असा निष्कर्ष काढू नका. त्या घराला मुलीने काम करण्यावाचून मार्ग राहिला नव्हता हे खरे. पण तिची वाढ थांबली नाही याचे कारण असे की, तिचे शिकणे थांबले नाही. शाळा जवळजवळ झालीच नाही. पण वडिलांकडे सुरू झालेले गाणे तिने सोडले नाही. मुंबईत आल्यावर उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली. उर्दू गीतांचे उच्चार नीट व्हावेत म्हणून शिक्षक ठेवून ती भाषा शिकली. कमाई आणि शिक्षण यांची गाठ तिने सुटू दिली नाही. जिथे ही गाठ सुटते तिथे मूल कमावते, पण वाढत नाही. आणि अशी मुले लाखोंनी आहेत, त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

'केवळ' हा शब्द

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाचा एक विचार आम्हाला शिकवला जातो. तो साध्या भाषेत असा: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः एक साध्य आहे हे सदैव लक्षात ठेवावे. यातला सगळा जोर 'केवळ' या शब्दावर आहे. एकमेकांच्या उपयोगी तर आपण सगळेच पडतो. मुलाने घराला हातभार लावला तर त्यात पाप नाही, उलट ते प्रेमाचे काम आहे. पण ज्या दिवशी घर त्याच्याकडे केवळ पगार म्हणून पाहू लागते, 'आज किती आणलेस' याखेरीज त्याला दुसरे काही विचारले जात नाही, त्या दिवशी त्या घरात काहीतरी मोडलेले असते.

चौथी आज्ञा सांगते, आपल्या आईवडिलांचा मान राख. ही आज्ञा आपण मुलांना फार लवकर शिकवतो. पण संत पौल करिंथकरांना लिहितो की, साठवण मुलांनी आईबापांसाठी करायची नसते, तर आईबापांनी मुलांसाठी करायची असते (२ करिंथ १२:१४). हे वचन आपल्या घरांत फारसे ऐकू येत नाही. आईबापांनी मुलांसाठी करावे हे देणे आहे. मुलाने आईबापांसाठी लहानपणीच करावे लागणे हे त्याचे अर्पण आहे. देणे मागता येते. अर्पण मागता येत नाही, ते फक्त हात जोडून स्वीकारता येते.

आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे मूळ नगर जिल्ह्याकडचे. 'उचल' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाण्याआधी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि मग सारा हंगाम ती फेडत राबायचे. उचल बाप घेतो. पण विटा थापायला, मोळ्या बांधायला लेकरूही जाते. जे कर्ज त्याने घेतले नाही ते त्याच्या हातांनी फिटते. आता आपण गाव सोडून इथे आलो, कंपनीत लागलो, काहींची पक्की घरे झाली. पण ही जुनी रीत आपल्याबरोबर आली आहे का? मोटारसायकलचा हप्ता बापाच्या नावे आणि भरतो मुलगा. लग्नाचा मांडव मोठा घातला, आणि कर्ज फेडायला धाकटा शाळा सोडून हॉटेलात. आणि हे बोलल्यावाचून राहवत नाही म्हणून बोलतो: काही घरांत मुलाच्या कमाईतली मोठी रक्कम दारूच्या दुकानात जाते. ज्या बापाने मुलाच्या घामाचा पैसा प्यायला, त्याने ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे येण्याआधी आपले अंतःकरण तपासावे आणि पापनिवेदनाला यावे. दार उघडे आहे.

संत जॉन बॉस्को यांनी काय केले

लोणावळ्याची डॉन बॉस्कोची शाळा आपल्याला परिचित आहे. ज्यांच्या नावाने ती आहे ते संत जॉन बॉस्को स्वतः असेच वाढले. जन्म १८१५, इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. घरात सावत्र थोरला भाऊ अंतोनिओ. शेतावर राबायचे सोडून हा पुस्तक घेऊन बसतो हे त्याला खपत नसे. शेवटी भांडण टाळण्यासाठी आई मार्गारेटने काळजावर दगड ठेवून जॉनला बारा-तेरा वर्षांचा असताना दुसऱ्यांच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे शिकता यावे म्हणून त्यांनी शिंप्याचे काम शिकून घेतले, कॉफीच्या दुकानातही काम केले.

१८४१ साली ते धर्मगुरू झाले आणि तुरीन शहरात आले. तिथे खेड्यांतून कामासाठी आलेली मुले त्यांना बांधकामांवर, रस्त्यांवर आणि तुरुंगातही दिसली. त्यांनी या मुलांना 'काम सोडा' असे सांगितले नाही, कारण काम सोडले तर ती उपाशी राहिली असती. मग त्यांनी काय केले? रविवारी त्यांना एकत्र जमवले, खेळवले, प्रार्थनेला बसवले. रात्री वर्ग घेतले. आणि १८५१-५२ च्या सुमारास एक नवीन पाऊल उचलले: मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाबरोबर ते लेखी करार करू लागले. मजुरी किती आणि ती कधी वाढवायची. मुलाला धंद्याचेच काम द्यायचे, घरगडी म्हणून राबवायचे नाही. चुकला तर शब्दाने समजवायचे, हात उगारायचा नाही. रविवारी व सणाला सुट्टी द्यायची. असे सगळे कागदावर. खाली मालकाच्या सहीबरोबर या धर्मगुरूचीही सही. धर्मगुरूच्या भक्तीचा हा केवढा मोठा भाग! एका गरीब पोराच्या कामाच्या कागदावर त्याने आपले नाव घातले.

पुढे १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकातून साऱ्या ख्रिस्तसभेला बजावले की, शरीर आणि मन पुरेसे तयार होण्याआधी मुलांना कारखान्यांत घालू नये. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी त्याच लिओंची आठवण ठेवून लिओ चौदावे हे नाव घेतले. कामगारांचा प्रश्न ख्रिस्तसभेला आजही तितकाच जवळचा आहे, याची ही खूण आहे.

आपल्या देशाच्या घटनेतही १४ वर्षांखालील मुलांना कारखाना किंवा खाणीत कामाला मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आणखी स्पष्ट आहे. १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात त्याने शाळा सुटल्यावर वा सुट्टीत मदत केली तर चालते, पण धोक्याच्या कामात तीही नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणीत, स्फोटक किंवा पेट घेणाऱ्या पदार्थांजवळ आणि इतर धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. हे सरकारचे नियम म्हणून वाचू नका. लेकराभोवती घातलेले कुंपण म्हणून वाचा.

आपण काय करू शकतो?

१. आभार माना. तुमच्या घरात कोणी लहान वयात कामाला लागले असेल, किंवा वीस वर्षांपूर्वी लागले होते, तर आज जेवताना सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन आभार माना. थोरल्या भावाने शाळा सोडली म्हणून आपण शिकलो हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याला ते कधीच कोणी सांगितलेले नसते.

२. हिशेब ठेवा. मुलगा सुट्टीत काम करत असेल तर त्याच्या कमाईतला काही भाग त्याच्याच नावाने बँकेत किंवा पोस्टात ठेवा आणि पासबुक त्याच्या हातात द्या. बाकीचा कशावर खर्च झाला हेही त्याला सांगा. ज्याने कमावले त्याला विचारण्याचा हक्क आहे.

३. जूनची तारीख आधीच ठरवा. मुलाला कामावर पाठवण्यापूर्वीच घरात सर्वांसमोर सांगा की, शाळा किंवा कॉलेज सुरू होण्याच्या आधी काम बंद. फी अडली, पुस्तके अडली तर 'यंदा राहू दे' म्हणण्याआधी माझ्याकडे या. लाजू नका. तुमच्या मुलाचे वर्ष वाया जाण्यापेक्षा माझे दार रात्री दहाला वाजलेले मला चालेल.

४. परत द्या. धाकटे मार्गी लागले असतील तर आता थोरल्याकडे वळा. ज्यांची शाळा सुटली त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीच्या परीक्षेला बाहेरून बसता येते. पुण्यात रात्रशाळा आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पुढे शिकता येते. आयटीआयचे प्रशिक्षण आहे. तिशीतल्या भावाला, बहिणीला विचारून तर पाहा. हसण्यावारी नेतील, पण रात्री झोप येणार नाही त्यांना.

५. मुलीचे काम मोजा. तिच्या अभ्यासाचे दोन तास ठरवून द्या, आणि त्या वेळी भांडी वडिलांनी किंवा भावाने घासावीत.

६. आपण स्वतः मालक असू तर. आपल्यातही कंत्राटदार आहेत, दुकानदार आहेत. घरकामाला लहान मुलगी ठेवणारेही असतील. स्वतःच्या मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून दुसऱ्याच्या मुलाकडून चहाचे कप धुऊन घेणे आणि मग रविवारी दोघांनी एकाच पित्याला 'आमच्या बापा' म्हणणे, हे जमत नाही. कुठे मुलांना राबवले जाताना, मारले जाताना दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवा.

काम करणाऱ्या माझ्या मुलांनो

शेवटी दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्ही घरासाठी जे करता ते देव पाहतो. सकाळी सहाला डबा घेऊन निघालेल्या मुलाचा प्रवास, ठेकेदाराची बोलणी, गुलाबाच्या काट्यांनी ओरबाडलेले हात, यातले काही वाया जात नाही. रविवारची मिस्सा चुकली तर देव रागावेल अशी भीती काहींना वाटते. कामावरून सुटका होत नसेल तर मला येऊन भेटा, सोयीची वेळ आपण मिळून शोधू. पण देव तुमच्यावर रुसला आहे असे मनात आणू नका. आणि एक लक्षात ठेवा: घरासाठी झिजताना आपल्यालाही काही हवे आहे असे म्हणणे हा स्वार्थ नाही. "मला शिकायचे आहे" हे वाक्य आई-वडिलांचा अपमान करत नाही. येशूही बाराव्या वर्षी आपल्या मनातले आई-वडिलांना स्पष्टपणे बोलला होता.

आता त्या भाकरींकडे परत पाहा. प्रभूने त्या मुलाच्या भाकरी घेतल्या. पण आधी देवाचे आभार मानले आणि मगच वाटल्या. हजारो जेवले. योहान म्हणतो की, सगळे तृप्त झाले. सगळ्यांत तो मुलगाही आला. त्याने दिले म्हणून तो उपाशी राहिला नाही. वर बारा टोपल्या उरल्या. प्रभूच्या हाती दिलेले आणि माणसांच्या हाती दिलेले यांत फरक हाच. आपल्या घरात ज्याने दिले, तो तृप्त आहे का? हा प्रश्न घेऊन आज घरी जा.

प्रार्थना करू या: हे प्रभो येशू, तू योसेफाच्या हाताखाली काम शिकलास आणि मरियेच्या घरात वाढलास. आमच्या गावात, आमच्या घरात कोवळ्या वयात राबणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला तुझ्या हाती ठेवतो. त्यांच्या देहाचे रक्षण कर, त्यांचे शिकणे खंडू देऊ नकोस. ज्यांनी आमच्यासाठी आपले बालपण दिले त्यांचे ऋण आम्हाला ओळखू दे आणि ते प्रेमाने फेडण्याची बुद्धी दे. हे कामगार संत योसेफा, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू